पहिले हजार किलोमीटर

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा ओडोमीटरवर १४ किलोमीटर होते. अप्पांनी सगळ्यात आधी तेच बघितलं. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल सॅटिनचं कापड पांघरलं होतं, आई हातात ताट घेऊन उभी होती, चार चाकांखाली चार लिंबं ठेवून झाली होती, आणि अप्पा मला चावी फिरवायला लावून, मान पार स्टिअरिंगपर्यंत आत घालून आकडा वाचत होते.

"चौदा," ते म्हणाले. मग सेल्समनकडे वळून, "कुणी चालवली चौदा?"

पोराला प्रश्नच कळला नाही. यार्डातून इथवर आली ना काका, म्हणाला.

"ते झालं. पण चालवली कशी? थंड इंजिन रेस केलं का कुणी?"

२०२३ चा दसरा होता. मागे सहा-सात कुटुंबं आपापल्या गाडीसोबत फोटो काढायला खोळंबलेली. मला लाजल्यासारखं झालं. सेल्समन हसून म्हणाला, "काका, आता ते रनिंग-इन वगैरे काही राहिलं नाही. सगळं फॅक्टरीतच होऊन येतं. पहिल्या दिवसापासून बिनधास्त पळवा."

अप्पांनी नुसती मान हलवली. लिंबं चिरडून आम्ही बाहेर पडलो. पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण त्यानं गाड्या विकल्यात. वागवलेल्या न्हाईत."

ही आमच्या घरातली पहिली चारचाकी. ऐकायला विचित्र वाटेल, कारण अप्पांचं अख्खं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं. एसटीत तीस वर्षं, त्यातली बरीचशी वाई-महाबळेश्वर. आणि त्याच्याआधी, १९८५ ते ८९, ते चॅसिस न्यायचे. हायवेवर तुम्ही ते दृश्य पाहिलं असेल: ट्रकचा नुसता सांगाडा, केबिन नाही, काच नाही, पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि चाकं. वर फळी ठोकून केलेल्या सीटवर एक माणूस, डोक्याला मफलर गुंडाळलेला, डोळ्यांना गॉगल. चार-पाच सांगाडे एकामागोमाग चाललेले असतात. कारखान्यातून बॉडी बांधणाऱ्याकडे, नाहीतर डीलरकडे. अप्पा पिंपरीहून निघायचे आणि बंगळूर, हैदराबाद, इंदूर असं कुठेही जायचे. ऊन, पाऊस, समोरच्या ट्रकने उडवलेली खडी, सगळं तोंडावर. चाळिसाच्या वर न्यायचं नाही, असं सांगून पाठवलेलं असायचं. गाडी पोचवायची, सही घ्यायची, आणि एसटीने किंवा कुणाच्या ट्रकमध्ये बसून परत पुढची आणायला.

म्हणजे शे-दोनशे कोऱ्या इंजिनांचे पहिले हजार किलोमीटर अप्पांनी काढून दिले. एकही इंजिन त्यांचं नव्हतं, आणि बहुतेकांची तोंडं पुन्हा दिसलीही नाहीत.

आता आमचं स्वतःचं इंजिन आलं होतं आणि अप्पांना ते चालवता येणार नव्हतं. काचबिंदू. हा आजार चोरपावलांनी येतो. समोरचं दिसत राहतं, बाजूची नजर कडेकडेने जाते, आणि माणसाला पत्ता लागत नाही. निवृत्तीनंतर ते हौसेने एका मित्राचा टेम्पो चालवत. एकदा डावीकडून मोटरसायकलवाला आला, तो त्यांना दिसलाच नाही. तो वाचला. अप्पांनी टेम्पो कडेला घेतला, चावी मित्राच्या हातात दिली आणि घरी चालत आले. डॉक्टरकडे त्यानंतर गेले. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला थेंब घालायचे, एवढंच.

ही २०२१ ची गोष्ट. मी नोकरीला लागलो २०१७ ला. मधल्या चार वर्षांत मी एक बाइक घेतली, एक लॅपटॉप घेतला, लडाखला जाऊन आलो. "घेऊ की, काय घाई आहे," असं गाडीबद्दल मीच म्हणत होतो. अप्पा यावर कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

त्या रात्री वाकडच्या फ्लॅटवर मी ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. हे पुस्तक कुणी वाचत नाही, मीही वाचलं नसतं. त्यात रनिंग-इनवर अर्धं पान होतंच. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. इंजिन थंड असताना रेस करू नका. फार वेळ एकाच वेगाने चालवू नका, जोरात असो की हळू. फार वेळ उभ्या उभ्या चालू ठेवू नका. सुरुवातीचे काही दिवस करकचून ब्रेक मारू नका, कारण ब्रेकच्या पॅडनाही डिस्कवर बसायला वेळ लागतो. मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "मग?" एवढंच म्हणाले.

इंटरनेटवर यातले दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सत्यनारायणाचा प्रसाद नेत असल्यासारखी गाडी चालवा. दुसरा म्हणतो, पहिल्याच दिवशी पिळून काढा, तरच इंजिनाला ताकद येते. दोन्ही पंथांची माणसं शपथेवर बोलतात.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कराडला चार वर्षं काढली, प्लेसमेंटला सॉफ्टवेअर कंपनी आली, त्यांनी मेकॅनिकलच्याही पोरांना घेतलं, आणि आज मी पेमेंटचं बॅकएंड सांभाळतो. अप्पांना हे कधीच नीट पटलेलं नाही. त्यांच्या लेखी मी इंजिनं शिकून इंजिनापासून पळालो. तर त्या रात्री, दहा वर्षांत पहिल्यांदा, मला सेकंड इयरची वर्कशॉप आठवली. सरांनी सिलिंडरचा एक कापलेला तुकडा दिला होता आणि म्हणाले होते, आतून नख फिरवून बघा. आरशासारखं गुळगुळीत असेल असं वाटलं होतं. नखाला बारीक खरखर लागली.

ती खरखर मुद्दाम केलेली असते. सिलिंडर आतून घासताना त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा पाडतात, बारीक विणलेल्या चटईसारख्या. याला होनिंग म्हणतात. रेघांच्या खाचांमध्ये तेल धरून राहतं. खाचांच्या मधले उंचवटे मात्र नव्या इंजिनात टोकदार असतात. पिस्टनच्या भोवती ज्या रिंगा असतात त्या या टोकांवर घासतात, टोकं थोडी झिजतात, रिंगाही थोड्या झिजतात, आणि दोघांचा आकार एकमेकांना जुळतो. मग वरचा जळता वायू खाली निसटत नाही आणि खालचं तेल वर जात नाही. रनिंग-इन म्हणजे मुख्यतः एवढंच. आजकालच्या कारखान्यांत ती टोकं शेवटच्या हातात आधीच कापून टाकतात, यंत्रकामही फार अचूक असतं. म्हणजे सेल्समन अगदीच खोटं बोलत नव्हता. बरंचसं काम होऊन आलेलं असतं. सगळं नाही.

आता गंमत इथे आहे. रिंग सिलिंडरला चिकटते कशाने? तिला स्वतःचा थोडा ताण असतो, स्प्रिंगसारखा. पण खरा जोर येतो वायूच्या दाबाचा. पेट्रोल पेटलं की तो दाब रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर भिंतीवर दाबतो. इंजिनावर भार कमी, तर दाब कमी. दाब कमी, तर रिंग नुसती वरवर सरकते. फार दिवस असं चाललं तर भिंतीवर तेलाचा करपलेला गुळगुळीत थर बसतो, खाचा भरतात, आणि मग ते इंजिन जन्मभर तेल खातं. म्हणजे अति जपण्यानेही वाटोळं होतं. उलट, कोऱ्या इंजिनाला एकदम पिळलं तर जिथे टोकं घासतात तिथे उष्णता इतकी होते की तेलाचा पडदा फाटतो आणि धातूवर धातू ओरखडतो. मधला रस्ता असा, की भार द्यायचा, पण थोडा वेळ; मग काढून घ्यायचा. पुन्हा द्यायचा.

झोप येत नव्हती म्हणून हिशेब केला. हजार किलोमीटर, सरासरी चाळीसचा वेग धरला तर पंचवीस तास. सरासरी २००० आरपीएम धरले तर तीस लाख फेरे. तीस लाख वेळा प्रत्येक पिस्टन वर जाऊन खाली येणार, तेव्हा ते दोघं एकमेकांना ओळखणार. आमच्या कंपनीत नव्या पोराला दुसऱ्या आठवड्यात ऑन-कॉलला बसवतात.

*

हे सगळं मला कळलं होतं, म्हणजे वाचून. चालवताना मी काय केलं ते ऐका.

पहिली अडचण अशी की पुण्यात रनिंग-इन होत नाही. वाकडहून हिंजवडी फेज थ्री, सकाळी साडेनऊला. पाऊण तास फर्स्ट, न्यूट्रल, फर्स्ट, न्यूट्रल. इंजिन नुसतं उभं राहून धापा टाकणार. मॅन्युअल ज्याला नको म्हणतं नेमकं तेच. म्हणून ठरवलं, ऑफिसला बाइकनेच जायचं आणि गाडी शनिवार-रविवारी वाईला न्यायची. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतात. आईने आपली शंका बोलून दाखवली: "एरवी दोन-दोन महिने येत नाहीस."

पुढच्या शनिवारी अप्पा आणि आईला घेऊन मी निघालो. दसऱ्यापासून ते दोघं माझ्याकडेच होते. कात्रजचा बोगदा, मग हायवे. मी मनाशी घोकत होतो: हळू, हळू. खंबाटकीचा घाट लागला. पुढे कंटेनर, मी चौथ्या गिअरमध्ये, वेग पस्तीस, काटा तेराशेवर. किती शांतपणे चालवतोय मी, असं वाटत होतं. पायाखाली एक बारीक थरथर येत होती, तीन सिलिंडरच्या गाड्यांना येते तशी, म्हणून दुर्लक्ष केलं.

अप्पांनी डावा तळवा डॅशबोर्डवर ठेवला.

"गिअर उतरव की."

"अप्पा, आरपीएम वाढतील."

"वाढू देत. ती हापतीया. तुला ऐकू येत न्हाय?"

मी तिसरा टाकला, पुढच्या वळणाला दुसरा. काटा पंचवीसशेवर गेला, थरथर गेली, आवाज मोकळा झाला. अप्पांनी हात काढून घेतला.

नंतर मी विचार केला तेव्हा माझी चूक पुस्तकातल्या भाषेतही सापडली. कमी फेऱ्यांवर मोठं ओझं ओढायला लावलं की पिस्टन सावकाश सरकतो, तेलाचा पडदा पातळ राहतो, आणि दाब मात्र पुरता. म्हणजे मी ज्याला जपणं समजत होतो ते तिच्या छातीवर बसणं होतं. या विषयात मला बासष्ट मार्क होते.

"तुम्हाला चाळिसाच्या वर नेऊ नका सांगायचे ना?" मी घाट उतरल्यावर विचारलं.

"सांगायचे."

"मग?"

"सपाटीला चाळीस. पण सगळा रस्ता सपाट कुठं असतो?" थोडा वेळ गेला. "काही पोरं चाळीस म्हणजे चाळीस. टॉपमध्ये टाकायची, पाय ठेवायचा, गाणी म्हणत जायची. मी न्हाय तसं केलं. कंटाळा यायचा म्हणून समज. चढ आला की दाबायची, उतार आला की गिअरमध्येच सोडायची. गाडीला बी कंटाळा येतो एका चालीचा."

मी पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून जिथे पोचलो होतो, तिथे हा माणूस कंटाळ्याच्या रस्त्याने १९८५ सालीच पोचला होता.

*

दिवाळीत मला पाच दिवस सुट्टी होती. ओडोमीटरवर ५९० होते. धनत्रयोदशीच्या पहाटे पाचला अप्पांनी मला उठवलं. टूरिस्ट यायच्या आत पसरणीचा घाट.

पसरणी म्हणजे वाईहून पाचगणीला चढणारा रस्ता. अप्पांनी तो किती वेळा केला असेल याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. गारठा होता, खाली कृष्णेच्या खोऱ्यात धुकं पसरलेलं. पहिली चार-पाच मिनिटं त्यांनी मला गावातूनच सावकाश फिरवलं, काटा वर जाऊ दिला नाही. "तेल वर चढू दे. तू उठल्या उठल्या पळतोस का?" मग घाट.

त्यांना वळणं दिसत नव्हती, निदान कडेची तरी नाही. पण प्रत्येक वळण यायच्या आधी ते बोलत. "आता डावीकडं दुमडतोय, दुसरा घे." "ह्याच्यापुढं लांब चढ हाय. तिसऱ्यात दाब. भिऊ नको, दाब." मी दाबला. काटा तीन हजारांवर गेला, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे. आवाज भरीव झाला. "बास. आता सोड." मी पाय काढला. गाडी स्वतःच्या ओझ्याने मंदावली. "पुन्हा."

वर पोचून चहा घेतला आणि उतरायला लागलो. उतारावर त्यांनी मला ब्रेकला पाय लावू दिला नाही म्हटलं तरी चालेल. सेकंड गिअर, पाय मोकळा, इंजिनच गाडी धरून ठेवतंय. यालाही पुस्तकात कारण आहे. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, ती खालचं तेल थोडं वर ओढते, रिंगांवर तेल फिरतं, घासून निघालेला बारीक चुरा धुऊन जातो. अप्पांना पोकळी वगैरे माहीत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की घाटात न्यूट्रलला उतरणारा ड्रायव्हर डिझेल वाचवतो आणि माणसं मारतो.

चार सकाळी आम्ही हेच केलं. चढ, उतार, चहा. पाडव्याला आई म्हणाली, दिवाळीला लोक किल्ले करतात, तुम्ही घाट करा. मला मात्र लहानपणीसुद्धा इतका वेळ अप्पा मिळाले नव्हते. दिवाळीत एसटीच्या ड्रायव्हरला कसली सुट्टी? जादा गाड्या असतात.

चौथ्या दिवशी उतरताना एक मोकळं माळरान लागलं. मी गाडी आत घातली. दूरवर दोन म्हशी, बाकी कुणी नाही. इंजिन बंद केलं आणि उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"अप्पा, इथं कोण नाही. एक चक्कर मारा."

त्यांना लगेच कळलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाय."

"हळू. फर्स्टमध्ये. मी बसतो शेजारी."

"लायसन काय म्हणून असतं?"

"हा काय रस्ता आहे का?"

"तुला सांगितलं ना. दिसत नसंल तर धरायचं न्हाय. माळ असू दे न्हायतर हायवे." आवाज चढला नव्हता. तीस वर्षांत एकही अपघात नसलेला ड्रायव्हर बोलत होता, आणि मी त्याला लहान मुलासारखं चक्कर मारायला सांगत होतो. मी दार लावायला लागलो.

"थांब," ते म्हणाले.

उतरले, पुढून वळसा घालून आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट मागे सरकवून घेतली. हँडब्रेक ओढलेला आहे का ते हाताने चाचपलं, गिअर न्यूट्रलला आहे का ते हलवून बघितलं, मग चावी फिरवली. स्टिअरिंगला हात नाहीच लावला, दोन्ही तळवे मांडीवर. डोळे मिटलेले. मिनिटभर तसेच. मग एकदा, अगदी थोडा, पाय दाबला आणि सोडला. काटा वर गेला आणि सरळ खाली येऊन बसला. पुन्हा एकदा. बंद केली.

"पहिल्या दिवशी खाली येताना अडखळत होती," म्हणाले. "आता बसतीया."

मला दोन्हींतला फरक कळला नाही. मी काही बोललो नाही. परत जाताना त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला नाही, खिडकी उघडून बाहेर बघत बसले. जे काय दिसत होतं ते.

*

पहिल्या सर्व्हिसिंगला ओडोमीटरवर १०१२ होते. नट-बोल्ट बघितले, टायरची हवा बघितली, गाडी धुऊन दिली. पहिल्या वेळी ऑइल बदलत नाहीत, नुसतं तपासतात. संध्याकाळी अप्पांचा फोन.

"तेल बदललं?"

"नाही, चेक केलं फक्त. ठीक आहे म्हणाले."

"रंग कसा होता?"

"मी नाही बघितला."

पलीकडे काहीच आवाज नाही. मी लिफ्टने बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेलो, बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढली, टिश्यूने पुसली, पुन्हा घालून काढली आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांनी फोन आला.

"त्यात काय दिसत न्हाय मला. तू सांग."

"मधासारखा. म्हणजे जरा गडद. जुन्या मधासारखा."

"आरपार दिसतंय का?"

मी डिपस्टिक टॉर्चसमोर धरली. "हो, दिसतंय."

"बोटावर घे. चोळ. काय लागतं का, कचकच?"

घेतलं. चोळलं. "नाही."

"वास?"

वॉचमन थोडा लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी बोट नाकाजवळ नेलं.

"तेलासारखाच."

"पेट्रोलचा न्हाय ना?"

"नाही."

"मग चांगलं हाय. पातळी दोन खुणांच्या मधी हाय ना? बघ आणि नीट बसव आत. आणि पुसलंस कशानं?"

"टिश्यूनं."

"कागद नको वापरू, त्याचे तंतू आत जातात. आईची जुनी सुती साडी हाय, पुढच्या वेळी आलास की फाडून देतो."